यंत्राजवळ उभा असलेला माणूस कोण?

मिरगीचा झटका आला की आजही आपल्या वस्तीत लेकराला चप्पल हुंगवतात. मिरगी हा मेंदूचा आजार आहे. तपासणीसाठी गिरडहून सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावे लागते. तिथे डोक्याला तारा लावून ईईजी काढतात. माणसाच्या मेंदूतले विजेचे तरंग पहिल्यांदा १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी टिपले. ईईजीत शॉक देत नाहीत, यंत्र फक्त नोंद घेते. जाताना केस धुवा, तेल लावू नका. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मनाने गोळ्या बंद करू नका. मिरगी असूनही ईईजी नॉर्मल येऊ शकतो.

मोठ्या दवाखान्यात यंत्राजवळ कधी कधी कंपनीचा माणूस असतो. त्याला क्लिनिकल प्रॉडक्ट स्पेशालिस्ट म्हणतात. नर्स-टेक्निशियनला यंत्र शिकवणे, ऑपरेशनच्या वेळी यंत्राबद्दल डॉक्टरांना मदत करणे, हे त्याचे काम. काम गरजेचे आहे, पण पगार कंपनी देते. म्हणून निर्णय डॉक्टरांचाच हवा. "आपण कोण? हे यंत्र कशासाठी? खर्च किती? दुसरा उपाय आहे का?" असे विचारणे उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे.

या नोकरीत नर्सिंग झालेल्यांनाही घेतात. मग आपल्या जीएनएम झालेल्या लेकींनी फक्त रात्रपाळ्याच कराव्या काय? त्यांनी इंग्रजी, संगणक पक्के करून इथेही पोहोचावे. आपली मुलगी तिथे असली तर ती आपल्या भाषेत विचारेल, "माय, समजलं का?"