पहिल्या सहा वर्षांचा पॅटर्न कुठे आहे?

जून उजाडला की लातूरच्या ट्युशन एरियात चालायला जागा उरत नाही. राज्यभरातले पालक गाद्या, बादल्या, ट्रंका घेऊन पोरांना सोडायला येतात. चौकाचौकांत निकालाचे फलक लागतात. त्यावर हसरे चेहरे, शेजारी मोठ्या अक्षरांत गुण. हल्ली आपल्या मोहल्ल्यातही असे दोन-चार फलक दिसतात आणि ते पाहून मलाही बरं वाटतं. शेख, पठाण, सय्यद, बागवान अशी नावं त्या फलकांवर यायला फार वर्षं लागली आहेत.

त्याच गर्दीत मीही होते. दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा राहिले. गंजगोलाईजवळ अब्बांचं छोटं दुकान आहे. तिसऱ्या वर्षाच्या फीचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. मग परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेतला. या शाखेला पूर्वी गृहविज्ञान म्हणत. त्यातला मानव विकास हा विषय, आणि त्यातही जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं मानसशास्त्र मला धरून बसलं. सुट्टीत घरी आले की नातेवाईक विचारायचे, "क्या सीखते वहाँ? बच्चे संभालना?" मी हसून विषय बदलायचे. आज या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं आहे.

उत्तराची सुरुवात माझ्या घरातून होते. माझा धाकटा भाऊ साडेतीन वर्षांचा होईपर्यंत धड बोलत नव्हता. "लडके देर से बोलते," असं खाला म्हणायच्या. दादीनं गळ्यात तावीज बांधला. त्याचा कान सारखा वाहायचा, तर त्यात कोमट तेल घातलं जायचं. शाळेत तो मागच्या बाकावर बसला आणि तिथेच राहिला. 'याला डोकं नाही' हा शिक्का तिसरीत बसला, तो दहावीपर्यंत पुसला गेला नाही. हाक मारूनही वळला नाही की मी त्याला 'बहिरा' म्हणून चिडवायचे. मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. मला ते गमतीचं वाटायचं.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी भाषाविकासाचा तास होता. मूल बोलायला शिकतं ते ऐकून. कानाच्या मधल्या भागात वारंवार संसर्ग झाला तर ऐकणं कमी होतं. ते एक दिवस कमी, एक दिवस बरं असंही असतं, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. वाहत्या कानात तेल घालू नये. असं मूल हट्टी, आळशी किंवा मंद समजलं जातं. त्या दिवशी मी पुढचं काही लिहून घेतलं नाही. सुट्टीत भावाला घेऊन श्रवणतपासणीला गेले. दोन्ही कानांत ऐकू कमी येत होतं, एका कानात बरंच कमी. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

आता तो गॅरेजमध्ये काम करतो. कानाला यंत्र लावतो, कामात हुशार आहे. पण दहा वर्षं वर्गात जे ऐकू आलं नाही ते त्याला कोण परत देणार? हे लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "लिख, पर मेरा नाम नक्को डाल."

आमच्या घरात कुणी वाईट नव्हतं. अम्मीनं त्याच्यासाठी रात्री जागून काढल्या. शिक्षकांवर पन्नास-साठ पोरांचा भार होता. कमी होती ती एकाच गोष्टीची. लहान मुलाकडे कसं पाहायचं हे शिकलेलं माणूस आमच्या आसपास एकही नव्हतं.

हा विषय मुख्यतः तेच शिकवतो, पाहायला. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की 'मुलं कशी वाढवावीत' याचे धडे असतील. प्रत्यक्षात हाती वही मिळाली आणि बालवाडीत एका कोपऱ्यात बसायला सांगितलं. एक मूल निवडा, वीस मिनिटं बघा, जे दिसतं तेच लिहा. 'तो रागावला' असं लिहिलं तर बाई विचारायच्या, "राग दिसतो का? काय दिसलं ते लिहा." मग लिहायचं: ठोकळा फेकला, खाली बसला, दाराकडे पाहिलं. जाँ पियाजे यांच्या सिद्धांताचा मोठा भाग स्वतःच्या तीन मुलांच्या अशाच बारीक नोंदींतून उभा राहिला. लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. मूल एकट्यानं काय करू शकतं एवढंच पाहू नका, कुणी हात दिला तर काय करू शकतं तेही पाहा. मोहल्ल्यातल्या पोरांना लावायला याहून न्याय्य मोजपट्टी मला माहीत नाही.

शेवटच्या वर्षी लातूरला आमच्याच भागातल्या एका अंगणवाडीत काही आठवडे जात होते. तिथे चार वर्षांचा एक मुलगा होता. चित्रांची कार्डं दाखवून मी विचारलं, "हे काय आहे?" तो गप्प. दुसरं कार्ड, तरी गप्प. ताई म्हणाल्या, "हा बोलतच नाही, मॅडम." मी तेच कार्ड पुन्हा धरलं आणि घरच्या बोलीत विचारलं, "ये क्या है रे?" तो लगेच म्हणाला, "छत्री. मेरी नानी के पास बी है." पोपटाचं कार्ड काढलं तर म्हणतो, "ये नक्को. ये काटता."

छत्री हा शब्द मराठीतही छत्रीच आहे. उत्तर त्याच्याकडे होतं, परका होता तो प्रश्न. आणि ज्या मुलाला मराठी येत नाही असं आपण समजत होतो, त्याच्या तोंडात 'नक्को' होता. आपल्या दखनीनं तो मराठीच्या 'नको'वरूनच घेतला. घरात दखनी, मदरशात किंवा शाळेत उर्दू, गल्लीत मराठी, अशा तीन भाषांत वाढणारं मूल कधी कधी त्या एकमेकींत मिसळतं. ही गोंधळाची खूण नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावे लागतात. एकाच भाषेतले मोजले की हुशार पोरही मागे दिसतं.

मोजमापाची साधनं आपल्या मातीत आणायला माणसं लागतात. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात अमेरिकन बेली मापनाच्या आधारे भारतीय बाळांसाठी विकास-मापनश्रेणी तयार केली. 'डीएएसआयआय' या नावानं ती आजही दवाखान्यांत वापरली जाते. हे काम त्यांनी केलं नसतं तर आपली बाळं परक्या देशातल्या बाळांच्या मापानं मोजली गेली असती. तोच प्रश्न आता भाषेचा आहे. मराठवाड्यातल्या मुस्लिम मुलाला दखनीत प्रश्न कोण विचारणार? ज्याला दखनी येते आणि ज्यानं हा विषयही शिकला आहे, तोच. म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी.

महाराष्ट्रात या कामाची वाट जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी आयुष्य घातलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांमागे कुरणात गेली ती कुरणशाळा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द गावोगाव पोचला. आपण मात्र तिला 'खिचडीची शाळा' करून टाकलं. आहाराइतकंच तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हेही तिचं काम आहे, हे आपल्यापैकी किती पालकांनी कधी जाऊन विचारलं?

कुणी म्हणेल, गरिबाच्या घरात याचा काय उपयोग? जमैकातल्या किंग्स्टन शहराचं उदाहरण आहे. 1980 च्या दशकात तिथल्या गरीब वस्त्यांतल्या, वाढ खुंटलेल्या 129 बालकांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या काही मुलांच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दोन वर्षं आठवड्यातून एक तास जायची. आईसोबत बसून घरातल्या टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, ते दाखवायची. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त होती. आठवड्याला एक तास. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत आपण लाखभर रुपये ओततो, त्यासाठी दागिने मोडतो. पहिल्या सहा वर्षांसाठी आपला काय हिशेब आहे?

दुसरं टोकही आपल्याकडे आहे. तीन वर्षांच्या पोराला शिकवणी लावायची, दुपारी मक्तब, रात्री गृहपाठ. मक्तबातून आलेल्या मुलाला खेळू द्यावं, सतत शिकण्याच्या ओझ्यानं त्याचं मन मरतं, हे इमाम गझाली यांनी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना पियाजे पटत नसतील तर गझाली सांगा.

एक धोकाही सांगायला हवा. हा विषय शिकलेले लोक कधी कधी आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. 'तुम्ही मुलाशी बोलत नाही, पुस्तक वाचून दाखवत नाही' वगैरे. बिडी वळणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला हे ऐकवणं सोपं असतं. भाकरी थापताना ती मुलाला 'ये गोल है, ये टेढी हो गई' म्हणते, तेही शिक्षणच असतं, हे तिला सांगायला जास्त अभ्यास लागतो. असा अभ्यास करणार असाल तरच या विषयात या.

पगाराबद्दल खोटं बोलणार नाही. अंगणवाडी सेविकेला आजही वेतन नाही, मानधन मिळतं. डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या सेविका आणि मदतनीस त्यासाठीच संपावर गेल्या होत्या. पण सेविकेच्या वर पर्यवेक्षिका आहेत, बालविकास प्रकल्प अधिकारी आहेत. दवाखान्यांत, विशेष मुलांच्या शाळांत, संशोधनात, शिक्षक-प्रशिक्षणात कामं आहेत. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा टप्पा शिक्षणाचा पाया म्हणून मान्य केला. 2024 मध्ये अंगणवाड्यांसाठी 'आधारशिला' हा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. तो शिकवायला माणसं लागतील. आणि हा बायकांचा विषय आहे असं समजून मुलांनी पाठ फिरवू नये. माझ्या भावाला 'मर्द बच्चा है, बोलेगा' म्हणणारे बहुतेक पुरुषच होते.

शिकायचं कुठे? परभणीचं विद्यापीठ आहे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात मानव विकासाचे अभ्यासक्रम आहेत. मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्यांना पुढे बालविकासाकडे वळता येतं. नोकरी किंवा घर सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका बारावीनंतर करता येते.

ज्यांना हे शिकायचं नाही, त्यांनीही एवढं करावं. आपल्या भागातली अंगणवाडी शोधा, ताईंना भेटा, तक्रार करायला नको, मदत करायला जा. आठवड्यातून एक तास बसून दखनीत गोष्ट सांगा आणि तीच मराठीत पुन्हा सांगा. घरात किंवा शेजारी दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, कान वाहत असेल, तर 'देर से बोलते' म्हणून थांबू नका. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत तपासणीला येतात. पथक कधी येणार ते ताईंना विचारा आणि मुलाला त्या दिवशी घेऊन जा. नाहीतर सरळ जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कान तपासा.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा फलक लागतील. ज्यांची नावं त्यावर असतील त्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांची नसतील, त्यांनी माझ्यासारखं वर्षभर तोंड लपवत फिरू नये. परभणीची गाडी परळीवरून जाते. तुमच्यापैकी कुणी प्रवेश घेतला तर मला कळवा, माझ्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत.