नकाशातला एक ठिपका

पुण्याहून आलेल्या माझ्या मावशीला विमानतळाच्या टर्मिनल 3 वरून मेट्रोने सरोजिनीनगरला यायचे होते. मोबाइलवरील एका ॲपने धौला कुआँ येथे गाडी बदलण्यास सुचविले. नकाशात तेथे एकच ठिपका होता. प्रत्यक्षात धौला कुआँ आणि दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस ही दोन स्थानके 2019 साली सुमारे 1.2 किलोमीटर लांबीच्या पादचारी पुलाने जोडली गेली. पुलावर सरकते पट्टे आहेत, तरी दुखऱ्या गुडघ्यांना हे अंतर थोडे नव्हे. (या दुर्गाबाई म्हणजे आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी, हे मावशीलाच वाटेत आठवले.)

वाहतूक अर्थशास्त्रात चालण्याचे एक मिनिट बसून केलेल्या प्रवासाच्या साधारण दोन मिनिटांइतके जड धरतात. ॲपने मात्र सारी मिनिटे एकाच तराजूत घालून ‘सर्वांत जलद’ मार्ग काढला. आम्ही अधिकारी तरी वेगळे काय करतो? फाइल किती दिवसांत निघाली हे मोजतो. नागरिकाने किती खेटे घातले, हे नाही. मार्ग निवडण्यापूर्वीच किती चालावे लागेल आणि किती जिने चढावे लागतील, हे दोन आकडे ठळकपणे दाखविण्यास कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

परतताना मावशी टॅक्सीने गेली.