देवीच्या वाटेवरचे संग्रहालय

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७पासून तो पाळला जातो. पण मे महिन्यात आम्हा पिंपरी-चिंचवडच्या दिघीकरांना लग्नपत्रिकांतून डोके वर काढायला सवड कुठली! चित्रे-शिल्पे पाहायची हौस असलीच, तर इथला माणूस बहुधा पुणे गाठतो.

सातारा जिल्ह्यातल्या औंधला तसे करावे लागत नाही. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. रविवर्म्याची चित्रे, हेन्री मूरचे दगडात घडवलेले आई-मुलाचे शिल्प, असा ऐवज तिथे आहे. १९३८ मध्ये उभारलेले हे संग्रहालय त्यांनी यमाईच्या डोंगरावर, देवीला जायच्या वाटेवर बांधले. दर्शनाला आलेली बाई कडेवरच्या लेकरासकट मूरच्या त्या आईपुढे उभी राहते. तिला आधी कोणी कलेची गोडी लावावी लागत नाही. पाय त्या वाटेला लागलेलेच असतात.

याच भवानरावांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी निवडुंगाचा माळ दिला. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते ते चित्रकार व्हायला. रंग नीट ओळखता येईनात, म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना आपल्या शेजारी खडकीत आला. कला आणि कारखाना यांची सोयरीक आपल्याकडे इतकी जुनी आहे.

मग पिंपरी-चिंचवडमध्येही कलासंग्रहालय उभारायचे, तर त्यात काय असावे? आमच्या मते पहिला मान फाउंड्रीच्या लाकडी पॅटर्नचा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्नमेकर लाकडी नमुना नेमका तेवढा मोठा करतो. साच्यातून तो अलगद निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार देतो. कोपऱ्यांची गोलाई हाताने घासून आणलेली असते. अशी वस्तू काचेआड ठेवली, तर तिला शिल्प म्हणायला कोण कचरेल? संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आल्यावर हे काम हातातून सुटत चालले आहे.

आणि जागा? महापालिकेने ती एखाद्या मॉलशेजारी शोधू नये. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाते ती दिघीवरून. एकादशीला आळंदीची गर्दी याच रस्त्याने जाते. चाकणच्या पाळीला निघालेला मराठवाड्यातला किंवा बिहारमधला कामगारही इथेच बसची वाट पाहतो. आळंदी रस्त्यावर दोन-तीन खोल्या मिळाल्या, दारात पाण्याचा माठ असला आणि रविवारी दार उघडे राहिले, तरी सुरुवात होईल. सुट्टीच्या दिवशी बंद असणारे संग्रहालय कामगारवस्तीत कशाला हवे?

महापालिकेचे ठराव सावकाश होतील. तोवर भोसरीतल्या ज्या फाउंड्रीमालकांच्या माळ्यावर जुने पॅटर्न पडून आहेत, त्यांनी ते जळणाला देऊ नयेत. आणि ते कोणत्या कारागिराच्या हातचे, हे त्यांवर खडूने का होईना, लिहून ठेवावे.