बातमीला बंदी, गप्पांना मुभा

देशातल्या २३४ नव्या शहरांमध्ये ७३० खासगी एफएम वाहिन्यांचा लिलाव करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. त्या यादीत लातूर आहे, उदगीर आहे, धाराशिवही आहे. नांदेडकरांना खासगी एफएम नवे नाही. रेडिओ सिटी आणि माय एफएम तिथे पूर्वीच पोचले आहेत. त्यामुळे लातूरच्या कानावर उद्या काय पडणार, याचा अंदाज नांदेडच्या सकाळवरून बांधता येतो.

खासगी एफएमवरची सकाळ सगळीकडे साधारण सारखीच असते. नांदेडच्या वजिराबादेत दुकानांची शटरे वर जातात, रिक्षा शाळेच्या पोरांनी भरतात आणि रेडिओवर निवेदक कालच्या बिग बॉसमधल्या भांडणाचा पंचनामा सुरू करतो. मग एखादा प्रश्न येतो: घरात टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात असतो? नवऱ्याने पहिल्यांदा केलेला स्वयंपाक कुणाला गिळावा लागला? फोन येऊ लागतात. कुणी सासूची तक्रार करते, कुणी बायकोसमोर शरणागती पत्करतो, नट-नट्यांच्या लग्नांवर टपल्या मारल्या जातात. हे ऐकून घरातली वडीलधारी मंडळी ‘काय हा थिल्लरपणा!’ म्हणत आवाज कमी करतात. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण या गप्पा सिनेमा आणि सासू-सून एवढ्यातच का घुटमळतात, याचे उत्तर निवेदकाच्या स्वभावापेक्षा परवान्याच्या अटींमध्ये जास्त सापडते.

भारतात खासगी एफएमला स्वतःची बातमी देता येत नाही. एफएम विस्ताराच्या तिसऱ्या टप्प्याच्या २०११ मधल्या धोरणाने थोडी ढील दिली. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्तीचे इशारे, आरोग्याच्या सूचना हे सगळे ‘बातमी’त धरले जात नाही, म्हणून ते सांगता येते. त्यापलीकडे चालू घडामोडींवर बोलायला बंदी आहे.

या रेघेचा अर्थ लातूरकरांना सांगायला २०१६ चा उन्हाळा पुरेसा आहे. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तेव्हा लातुरात खासगी केंद्र असते तर निवेदकाला सांगता आले असते की गाडी आली आणि अमुक भागात टँकर अमुक वाजता येईल. मांजरा धरण कोरडे का पडले, उसाला किती पाणी गेले, नळयोजनेचे काय झाले, हे मात्र विचारता आले नसते. गावभर ज्याची चर्चा चालली आहे तो विषयच माइकसमोर निषिद्ध असेल, तर चार तास बोलायचे कशावर? उरतो सिनेमा, क्रिकेट आणि घर.

म्हणून चिमटा काढायचा तर तो गाण्यातून आणि विनोदातून काढावा लागतो. मुंबईत २०१७ च्या पावसाळ्यात आरजे मलिष्काने ‘सोनू’ या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर खड्ड्यांचे विडंबन केले आणि ते महापालिकेला चांगलेच झोंबले. त्यानंतर पालिकेचे पथक तिच्या घरी गेले आणि डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून नोटीस निघाली. सकाळच्या गमतीला ‘थिल्लर’ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. जे कुणी ऐकत नाही, त्याची अशी दखल कुणी घेत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की खासगी एफएमना दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात. ही शिफारस रास्त आहे आणि ती मानली जावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. वृत्तपत्राला, दूरचित्रवाणीला, मोबाइलवरच्या कुठल्याही चॅनेलला जे चालते ते नांदेडच्या रेडिओला चालू नये, यामागे आज कोणतेही सबळ कारण उरलेले नाही.

बातमीची मुभा मिळाली तरी घरगुती गप्पा राहणारच, आणि त्या राहाव्यातही. मराठी रेडिओचे जे वैभव अजून लोकांच्या तोंडी आहे, त्यातले बरेचसे घरातल्याच गप्पांचे आहे. आकाशवाणी मुंबईवरचे ‘पुन्हा प्रपंच’ घ्या. प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे पंत. महागाई असो, पाहुणे असोत की सरकारी कारभार, सगळे त्या तिघांच्या बोलण्यातून गाळून यायचे. तिथे वहिनी ही चेष्टेचा विषय नव्हती. भावजींना आणि पंतांना ती तोडीस तोड उत्तर द्यायची, आणि ऐकणाऱ्या घरातल्या बाईला आपली बाजू कुणीतरी मांडल्यासारखे वाटायचे.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर आपल्याकडे लक्ष्मण देशपांडे होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री नाटकात एकटा माणूस ५२ पात्रे उभी करायचा. लग्नाच्या गडबडीतले रुसवे-फुगवे, पहिल्यांदा विमानात बसणारी खेड्यातली माणसे, सगळे मराठवाड्याच्या बोलीत. महाराष्ट्रभर लोक हसले, आणि या मातीतल्या माणसांचा अपमान झाला असे कुणाला वाटले नाही. कारण देशपांड्यांचे त्या माणसांवर प्रेम होते आणि त्यांची बोली त्यांना अस्सल येत होती.

आजच्या सकाळच्या कार्यक्रमांत नेमकी हीच बोली हरवते. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने कंपन्यांना आपल्या सगळ्या केंद्रांवर एकच कार्यक्रम लावायची मोकळीक दिली. छोट्या शहरात जाहिरात कमी, तेव्हा मोठ्या शहरात तयार झालेली सकाळ इथे लावणे स्वस्त पडते. मग ‘काय करूलालास?’ म्हणणाऱ्या शहराला रेडिओ हिंदीत किंवा पुणेरी मराठीत जागे करतो. नांदेडच्या एका गल्लीत मराठी, दखनी, पंजाबी आणि देगलूर-बिलोलीकडची तेलुगू एकमेकींत मिसळतात. उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर पडते. थट्टेला यापेक्षा चांगले भांडवल कुठे मिळणार? आणि लातूरच्या ट्यूशन एरियात खोली घेऊन राहणारी, मेसचा डबा खाणारी हजारो पोरे आहेत. घरातल्या भांडणाचा, आईच्या ओरडण्याचा आवाज त्यांना सकाळी आपल्या बोलीत ऐकू आला, तर ‘नीट’ परीक्षेच्या धड्यांआधीची पाच मिनिटे बरी जातील.

चेष्टेला मात्र मर्यादा हवी. खासगी एफएमला आकाशवाणीचीच कार्यक्रम-संहिता लागू आहे. पण जाडी, काळी, माहेरून काय आणले, असल्या विनोदांना ती संहिता नेहमी अडवतेच असे नाही. तिथे निवेदकाचे तारतम्य लागते. बेसावध माणसाला फोन करून फसवायचे आणि त्याची फजिती गावाला ऐकवायची, ही तर सर्वांत घातक सवय. डिसेंबर २०१२ मध्ये सिडनीच्या एका केंद्राच्या दोन निवेदकांनी ब्रिटनच्या राणीचा आवाज काढून लंडनच्या रुग्णालयात फोन केला. तो फोन मूळच्या कर्नाटकातल्या परिचारिका जेसिंथा सलढाणा यांनी उचलला आणि वॉर्डात जोडून दिला. तीन दिवसांनी त्या मृतावस्थेत सापडल्या. मोठ्या शहरात फसवला गेलेला माणूस गर्दीत हरवून जातो. नांदेड-लातुरात त्याचा आवाज शेजारी, व्याही आणि दुकानातले गिऱ्हाईकही ओळखते. ज्याची चेष्टा होणार आहे त्याची परवानगी आधी घ्यावी, हा नियम प्रत्येक केंद्राने स्वतःहून पाळला पाहिजे.

लातूर, उदगीर आणि धाराशिवमध्ये केंद्र सुरू करणाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. सकाळचे चार तास बाहेरून आणू नका. इथल्याच एखाद्या मुलीला, मुलाला माइकसमोर बसवा, त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या, आणि त्यांना पगार नीट द्या. केंद्र सरकारने ट्रायची दहा मिनिटांची शिफारस मान्य करावी. आणि श्रोत्यांनी, सून म्हणून, सासू म्हणून, बाप म्हणून जे खटकेल ते केंद्राला फोन करून तोंडावर सांगावे. नंबर तर निवेदक दर दहा मिनिटांनी सांगतच असतो.