लोंबीचा हिशोब

यंदा धाकट्या भावाशी माझं फोनवर चांगलंच वाजलं. कारण? गव्हाची लोंबी!

आमचं शेत निफाडजवळ. ऑक्टोबरात विहिरीवरची मोटार जळली. मी इथून ऐटीत म्हटलं, "थांब, नवीच घेऊ. पैसे मी पाठवतो." पैसे पोचून मोटार बसेपर्यंत डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला. एरवी बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायचा. भाऊ कुरकुरला, तर मी म्हणालो, "महिनाच तर गेला! युरिया जरा सढळ टाक, एक पाणी जास्त दे, भरून निघेल." इंजिनियरचं डोकं, दुसरं काय.

मार्चात त्याने फोटो पाठवला. एका हातात आमची लोंबी, दुसऱ्यात शेजाऱ्याची, वेळेवर पेरलेली. खाली लिहिलं होतं, "दादा, मोजून बघ."

मोजलं. लोंबीच्या नागमोडी दांडीवर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने दाण्यांचे छोटे झुबके असतात. शास्त्रात त्यांना कणिशक म्हणतात. शेजाऱ्याच्या लोंबीत 18, आमच्यात 14. मग पुस्तकं काढली आणि कळलं की ही संख्या फार लवकर ठरते. रोप वीतभर असतं, लोंबी खोडाच्या तळाशी जेमतेम काही मिलिमीटरची, बाहेरून काहीच दिसत नाही. तेव्हाच शेंड्याचं कणिशक तयार होतं. नीट पाहा, ते बाकीच्यांना आडवं बसलेलं दिसेल. ते बसलं की नवीन कणिशक येणे नाही. थंडी असेल तर हे काम सावकाश चालतं, लोंबी लांब होते. ऊब आणि वाढता दिवस मिळाला की रोप घाई करतं. म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरलेलाही फसतो. नंतरच्या खतापाण्याने फुलं जगतात, दाणा पोसतो, पण कणिशकं वाढत नाहीत. आणि उशिराच्या गव्हाचा दाणा भरायचा तो मार्चच्या उन्हात! तो चिमणारच.

फुटवेही कमी. फक्त बांधालगतच्या लोंब्या बऱ्या होत्या. तिथे उजेड जास्त, दाटी कमी.

इथे विचिटात उलटी गंमत. 1874 मध्ये रशियातून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी कॅन्ससमध्ये 'टर्की रेड' हा हिवाळी गहू आणला. इथला हिवाळी गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, तो बर्फाखाली झोपतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. मी एकदा त्यातलं मूठभर बी मे महिन्यात परसात पेरलं. उन्हाळाभर नुसतं गवत! काही आठवडे कडक थंडी सोसल्याशिवाय त्याला लोंबी धरताच येत नाही. आपल्याकडच्या गव्हाला एवढी थंडी लागत नाही, म्हणून तर तो निफाडात पिकतो.

उशीर अटळच असेल तर निफाडच्याच संशोधन केंद्राचं एनआयएडब्ल्यू 34 हे उशिराच्या पेरणीचं वाण आहे, बियाणंही थोडं जास्त टाकतात. घरापासून इतक्या जवळ, आणि आम्ही जुनंच वाण पेरून बसलो! भावाला हे सगळं साग्रसंगीत समजावलं. तो म्हणाला, "हे मला ठाऊक होतं. तू थांब म्हणालास म्हणून थांबलो."

मी गप्प. मग विचारलं, "पुढच्या वर्षी मोटार जळली तर?"

"तर शेजाऱ्याचं डिझेल इंजिन आणीन, पेरून मोकळा होईन, आणि मग तुला फोन करीन."