रोजी कामाची, चौकशी घराची

एखाद्या माणसाची नोकरी त्याच्या कामावर टिकावी, की त्याच्या घरात कोण राहतं यावर? कुणालाही विचारा, उत्तर ‘कामावर’ असंच मिळेल. पण तो माणूस समलिंगी आहे असं कळलं की याच उत्तराला पाय फुटतात. मग ‘तसं काही नाही, पण ऑफिसचं वातावरण’, ‘क्लायंट काय म्हणतील’, ‘संस्थेचं नाव’ अशी वाक्यं सुरू होतात.

माझ्या ओळखीचा एक तरुण पुण्यात चार्टर्ड अकाउंटंट आहे. दहा-बारा वर्षं याच पेशात आहे. मुसलमान आहे आणि समलिंगीही. घरात फक्त धाकट्या भावाला ठाऊक आहे, ऑफिसात दोघांना. त्याच्याशी बोलताना जाणवतं की त्याचा त्रास सिनेमात दाखवतात तसा नाट्यमय नाही. कुणी मारत नाही, कुणी शिवी देत नाही. त्रास रोजचा आणि बारीक आहे. तक्रार करायची तर नेमकं काय लिहायचं, हेच कळू नये असा.

सोमवारी सकाळी चहाला सगळे जमतात. ‘सुट्टीत काय केलं?’ हा साधा प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण उत्तर देणाऱ्याला प्रत्येक वाक्य तपासून बोलावं लागतं. इंग्रजीत ‘पार्टनर’ म्हटलं की निभावतं. मराठीत क्रियापद लगेच चुगली करतं. ‘आला होता’ म्हणावं तर पंचाईत, ‘आली होती’ म्हणावं तर खोटं. म्हणून तो ‘मित्रमंडळी आली होती’ म्हणतो. आठ वर्षं ज्याच्यासोबत संसार केला, तो माणूस त्याच्या भाषेत कायमचा ‘मंडळी’ होऊन बसलाय.

मार्च अखेर आली की उशिरापर्यंत थांबायला त्यालाच सांगितलं जातं. ‘तुला कुठे बायकापोरं आहेत?’ बाहेरगावचं ऑडिट निघालं तरी पहिलं नाव त्याचंच. वार्षिक स्नेहसंमेलनाचं निमंत्रण ‘सहकुटुंब’ असतं, तिथे तो दरवर्षी एकटा जातो आणि ‘लग्नाचं कधी मनावर घेतोस?’ हे ऐकून परत येतो. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायकी पुरुषावरचा विनोद आला की हसणारी स्मायली टाकावी की नाही, हाही त्याच्यासाठी एक निर्णय असतो. टाकली तर स्वतःचा अपमान, नाही टाकली तर ‘याला काय झालं?’

घर भाड्याने घेताना अडचण दुप्पट होते. नाव ऐकून अर्धे मालक नकार देतात. उरलेले ‘दोन बॅचलर? नाही, आम्ही फॅमिलीलाच देतो’ म्हणतात. मोहल्ल्यात घर मिळतं, पण तिथे शेजारच्या खाला तिसऱ्या दिवशी रिश्ता घेऊन येतात.

हे सगळं खरं असलं तरी चित्र फक्त काळं नाही. एका सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची मुदत डोक्यावर असताना त्याच्या जोडीदाराचं अ‍ॅपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं. त्याने वरिष्ठ मॅडमना जेवढं आवश्यक तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तू जा, उरलेल्या फाइली मी बघते.’ दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘आता कसा आहे तो?’ बस, एवढंच. ना सहानुभूतीचं भाषण, ना खोदून चौकशी. ‘तो’ हा शब्द इतक्या सहजपणे ऑफिसातल्या कुणाच्या तोंडून त्याने पहिल्यांदा ऐकला. त्या दिवसापासून त्या मॅडमचं काम तो जीव ओतून करतो. माणसाची उमेद वाढवायला फार काही लागत नाही.

आता कायद्याचं बघू. अनेकांना वाटतं, ३७७ कलम गेलं म्हणजे विषय संपला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. तो निर्णय मोठाच होता. पण तुरुंगाची भीती जाणं आणि नोकरीची हमी मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटनेतला भेदभावबंदीचा नियम प्रामुख्याने सरकारवर आणि सरकारी संस्थांवर चालतो. खासगी कंपनीने समलिंगी म्हणून एखाद्याला काढलं, तर त्याला थेट आधार देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात नोकरीतल्या भेदभावाला मनाई आहे, पण समलिंगी पुरुष किंवा स्त्री त्यात बसत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांच्या तक्रारींसाठी आहे. पुरुषाला कुणी छळलं तर त्या कंपनीची स्वतःची नियमावली काय म्हणते, यावर सगळं अवलंबून.

कागदपत्रांतही हीच गत. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेनुसार कुटुंब असेल तर वारस म्हणून कुटुंबातल्याच व्यक्तीचं नाव द्यावं लागतं आणि अवलंबून असलेले आईवडीलही त्या कुटुंबात मोजले जातात. म्हणजे अम्मी-अब्बांचा सांभाळ करणारा मुलगा आपल्या जोडीदाराचं नाव त्या रकान्यात घालू शकत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे ‘कुटुंबा’ची व्याख्या जिथल्या तिथे राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने एक खुलासा केला, की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. चांगली गोष्ट. टाटा स्टीलसारख्या कंपनीने २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांना अशा जोडीदाराची नोंद करून सवलती घेण्याची मुभा दिली. हेही चांगलंच. पण कित्येक कंपन्या जून महिन्यात बोधचिन्हाला इंद्रधनुष्याचे रंग लावतात आणि त्यांच्या एचआरच्या फॉर्मवर मात्र अजूनही ‘पती/पत्नी’ एवढाच रकाना असतो.

वरच्या पदावर गेलं की हा ताप संपतो, असंही नाही. ज्येष्ठ वकील सौरभ कृपाल यांचं नाव दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी २०१७ मध्ये पहिल्यांदा सुचवलं गेलं. ते आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगतात. सरकारने घेतलेल्या आक्षेपांत ही बाबही होती. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने हे आक्षेप फेटाळून त्यांच्या नावाचा पुन्हा आग्रह धरला. तरी वर्षानुवर्षं ती फाइल पुढे सरकली नाही. कायद्याचं ज्ञान, अनुभव, सचोटी यांपैकी कशावरही बोट ठेवलं गेलं नव्हतं.

मात्र मराठी मुसलमान वाचकाने सर्वांत आधी आठवावी अशी घटना अलीगढची आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरास हे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वीसेक वर्षं मराठी शिकवत होते, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह, त्याला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. उत्तर प्रदेशात, मुस्लिम विद्यापीठात, मराठी जिवंत ठेवणारा हा माणूस. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेऊन काही लोक विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या घरात घुसले आणि त्यांच्या खासगी क्षणांचं चित्रीकरण केलं. विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून सिरास यांना निलंबित केलं, घरही सोडायला सांगितलं. निवृत्तीला जेमतेम काही महिने उरले होते.

लक्षात घ्या, त्याआधी सात महिने, २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अशा संबंधांना गुन्हा मानायला नकार दिला होता. सिरास अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. आठवडाभरात, ७ एप्रिलला, ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. त्या मृत्यूचा उलगडा झाला नाही. पुढे २०१६ मध्ये हंसल मेहतांचा ‘अलीगढ’ सिनेमा आला, मनोज वाजपेयींच्या अभिनयाचं कौतुक झालं. पण आपल्या मराठी मुस्लिम वर्तुळात सिरास यांच्यावर फारशी चर्चा झाल्याचं मला तरी आठवत नाही.

अलीगढच्या जागी दुसरं विद्यापीठ असतं तर वेगळं घडलं असतं, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण अलीगढ आपली संस्था आहे असं आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा हा हिशेबही आपल्याच वहीत लिहावा लागेल.

इथे अनेक वाचक म्हणतील, ‘आमच्या मजहबमध्ये हे मान्य नाही.’ ठीक. आपली श्रद्धा काय सांगते हे प्रत्येकाने आपल्या परीने ठरवावं, मी इथे फतवा द्यायला बसलेलो नाही. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तीन गोष्टींना एकत्र मनाई आहे : उगाच संशय घेणं, दुसऱ्याची टेहळणी करणं आणि पाठीमागे निंदा करणं. उलेमा ज्याला तजस्सुस आणि गीबत म्हणतात, तेच हे. हजरत उमर रात्रीच्या गस्तीत भिंत ओलांडून एका घरात शिरले आणि घरातल्या माणसाने त्यांनाच सुनावलं की माझी चूक एक, तुमच्या तीन, ही गोष्ट आपल्या वाअजमध्ये कितीदा तरी सांगितली जाते. खलिफा तिथून निमूट परत गेले, असं सांगणारा सांगतो आणि ऐकणारे ‘सुभानल्लाह’ म्हणतात. मग सिरास यांच्या घरात कॅमेरा घेऊन शिरणाऱ्यांना कुठल्या बाजूला बसवायचं? ऑफिसात कुणाच्या मोबाइलमध्ये डोकावून ती खबर साहेबांपर्यंत नेणाऱ्याला काय म्हणायचं?

दुसरी बाब आपल्या स्वार्थाची आहे. नावावरून घर नाकारलं जाणं काय असतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. दाढी ठेवली म्हणून निलंबन झाल्याची प्रकरणं महाराष्ट्राच्या राखीव पोलीस दलातही घडली आणि न्यायालयापर्यंत गेली. हिजाब घालून मुलाखतीला गेलेल्या मुलीला ‘आमच्या ऑफिसच्या वातावरणात बसणार नाही’ असं गोड शब्दांत सांगितलं जातं. तेव्हा आपण म्हणतो, ‘आमचं काम बघा, पेहराव काय बघता?’ हेच वाक्य तो समलिंगी अकाउंटंट म्हणतोय. ‘वातावरण’ हे कारण त्याच्या बाबतीत चालत असेल, तर उद्या ते आपल्या बाबतीत चालणार नाही असं कुणी लिहून दिलंय? दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असा माझा दावा नाही. पण नोकरीवरून काढायची सबब दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून माझं म्हणणं मोठमोठ्या कंपन्यांपेक्षा आपल्याच माणसांना आहे. महाराष्ट्रात मुस्लिम ट्रस्ट आणि सोसायट्यांच्या शेकडो शाळा, महाविद्यालयं, दवाखाने, पतपेढ्या आहेत. हजारो लोकांची रोजी तिथे चालते. त्यांत समलिंगी शिक्षक असणार, कारकून असणार, डॉक्टर असणार. आज ते गप्प आहेत इतकंच. या संस्थांनी आपल्या सेवा नियमांत एक साधं कलम घालावं : कर्मचाऱ्याच्या कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्याबद्दलची तक्रार दाखल करून घेतली जाणार नाही, आणि चोरून काढलेला फोटो, व्हिडिओ किंवा मेसेज पुरावा म्हणून आणणाऱ्यावरच कारवाई होईल. अंतर्गत तक्रार समितीने पुरुषांच्या छळाच्या तक्रारीही ऐकाव्यात. याला पैसा लागत नाही, सरकारी परवानगी लागत नाही, कुणाला आपला अकीदा बदलावा लागत नाही. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत एक ठराव मांडला की झालं.

वाचकांपैकी अनेक जण अशा संस्थांवर विश्वस्त, मुख्याध्यापक, सदस्य म्हणून काम करतात. त्यांनी हा ठराव मांडून पाहावा. विरोध झाला तर विरोध करणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : या शिक्षकाच्या शिकवण्यात काही खोट आहे का? नसेल, तर बैठकीतला पुढचा विषय घ्यावा.