१५ ऑगस्टपर्यंत मुदत, त्यानंतर तक्रार

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पाणी सोडणारे कर्मचारी आणि नळाच्या तोट्या काढून ठेवणारे समस्त गावकरी यांना, गावचं पाणी तपासणाऱ्या आम्हा पाच जणींचा हा जाहीर इशारा.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. आम्हाला शिकवलं, फोटोही निघाले. पुढे तपासणीत काय निघालं, हे कुणी विचारलं नाही. म्हणून आता न विचारता सांगतो.

अंगणवाडीजवळच्या नळाचं पाणी जंतू तपासायच्या एचटूएसच्या बाटलीत भरून ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी काळंकुट्ट झालं. पाण्यात मैल्याची घाण मिसळल्याची ही खूण. त्याच पाण्यात क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकले, तर पिवळी झाकसुद्धा आली नाही; म्हणजे क्लोरीनचा पत्ता नाही. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरीची, पोती कार्यालयात आहेत, नाही कोण म्हणतंय? पण तोंडं उघडी, पावडरीला ओल लागून ढेकळं झालेली. रजिस्टरवर मात्र सही रोजच्या रोज.

गावकऱ्यांनो, तुम्हीही सुटत नाही. धार जोरात पडावी म्हणून तुम्ही नळापाशी खड्डा खणता, तोटी काढून टाकता. पाणी बंद झालं की रिकामी होणारी पाइप खड्ड्यातलं गटाराचं, खरकटं पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी तेच कुणाच्या तरी घागरीत पडतं, बहुतेक खालच्या आळीच्या. थेट नळाला मोटार लावणाऱ्यांनी तर तोंडच उघडू नये. ‘पाणी नितळ तर दिसतंय!’ अहो, कावीळ नितळ पाण्यातूनही येते. आणि शेतातल्या खताचं नायट्रेट विहिरीत उतरलं, तर ते उकळूनही जात नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराने माणसांचे हातपाय लुळे पडले, तेव्हाही संशय पाण्यावरच गेला. तिथे मोठी इस्पितळं हाकेच्या अंतरावर होती. आपल्याकडे काय आहे?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमचे आणि प्रयोगशाळेचे सगळे अहवाल मोठ्याने वाचून दाखवा, फलकावर लावा. त्याआधी नवी टीसीएल आणा, गळक्या पाइपा बदला, खड्डे बुजवून प्रत्येक नळाला तोटी बसवा. ज्याच्या नळाला तोटी नाही, त्याचं कनेक्शन तोडा. तो कुणाचा पाहुणा आहे हे बघू नका.

यातलं काही झालं नाही, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली कर्तव्यात कसूर केल्याची तक्रार १६ ऑगस्टला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जाईल. अर्ज लिहून तयार आहे. १३ तारखेला पाणी सुटताच पहिला नमुना सरपंचांच्या दारातल्या नळाचा घेणार आहोत. बाटलीचा जो रंग होईल तो ग्रामसभेत सगळ्यांसमोर दाखवू.